दडे कानाला, दवा नाकाला

भाच्या, आधी हातातली किल्ली खाली ठेव. सर्दी होऊन पंधरवडा झाला, नाक वाहायचं थांबलं, खोकला गेला, पण डाव्या कानाला बसलेले दडे काही सुटत नाहीत, असं तू फोनवर सांगत होतास आणि तेवढ्यात मला किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकू आला. म्हणजे कोरणं सुरू झालं. माचिसची काडी, कापसाची काडी, बायकोच्या केसांतला आकडा, मोटारसायकलची किल्ली, कानात जाईल असं घरात जे जे असतं ते माणूस अशा वेळी घालून बघतो.

धुळ्यात एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे कंपाउंडरकी करण्यात माझी उमर गेली. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरला, की मळ्यामळ्यांत भरताच्या पार्ट्या सुरू होतात आणि पाठोपाठ आमच्या दवाखान्याच्या बाकावर मफलर गुंडाळलेली माणसं दिसायला लागायची. 'कान बंद व्हई गया' एवढंच म्हणायची आणि उपायही कानातच मागायची. ड्रॉप द्या, पिचकारी मारा, मळ काढा. डॉक्टर कानात बघायचे आणि नाकाचं औषध लिहून द्यायचे. मग तो माणूस चिठ्ठी घेऊन माझ्याकडे, 'भाऊ, साहेबांची काही चूक झाली का? दुखणं कानाचं अन् फवारा नाकाचा.' ते समजावण्याचं काम माझ्याकडे असायचं.

तर ऐक. कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी आहे आणि तिच्यात हवा खेळती असावी लागते. ही हवा नाकाच्या मागून, घशाच्या वरच्या भागातून निघालेल्या एका नळीतून येते. मोठ्या माणसात ही नळी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते. युस्टाकी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकात तिचं वर्णन केलं, म्हणून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळला किंवा जांभई दिली, की टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात आणि ताजी हवा आत जाते. सर्दीत नाकाचं अस्तर सुजतं तसं नळीचंही सुजतं. मग ती उघडत नाही, आतली हवा अस्तरात शोषली जाते, आणि गरम भाजीचा डबा घट्ट लावून ठेवला की गार झाल्यावर झाकण आत ओढलं जाऊन निघता निघत नाही, तसा पडदा आत ओढला जातो. असंच चालू राहिलं तर अस्तरातून पाणी पाझरून पोकळीत साठतं. म्हणून कान जड, म्हणून स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, म्हणून समोरचा बोललेला शब्द लांबून आल्यागत वाटतो.

नाक आठवडाभरात मोकळं होतं. नळीची सूज त्याच्या मागाहून उतरते आणि साठलेलं पाणी तिच्याही मागाहून. बहुतेकांचं पंधरा दिवसांत भागतं. पाणी भरलेलं असलं तर महिना जातो, कधी दोन-तीन महिनेही. तुला वाटतं सर्दी संपली आणि कान राहिला. अरे, कान हाच त्या सर्दीचा शेपटाकडचा भाग आहे.

आता तूच सांग, पडदा धड असेल तर बाहेरून घातलेलं लसणाचं तेल त्या पोकळीत जाईल कुठून? आणि पडद्याला भोक असेल तर ते आत जाईल, जे अजिबात नको. तुझी आजी कोमट तेलाचे दोन थेंब घालायची हे मला माहीत आहे, मीही ते घालून घेतलेले आहेत, आणि मळ मऊ करायला त्याचा उपयोग होतोही. पण तो उपाय कोरड्या घट्ट मळाचा आहे, सर्दीच्या दड्यांचा नाही. वैद्य कर्णपूरण करतात तेही आधी कान बघून. शिवाय पावसाळ्यात ओलसर कानात तेल राहिलं की बुरशी धरते, मग खाज सुटते आणि पुन्हा काडी हातात येते. ओवा किंवा मीठ गरम करून पोटलीने शेकलं तर बरं वाटतं, शेक. हाताच्या मागच्या बाजूला लावून बघ आणि मगच कानाच्या मागे धर. त्याने नळी उघडत नाही एवढं लक्षात ठेव. लाल पगडी घालून बाजारात कान साफ करत फिरतात त्यांच्याकडे मात्र जाऊ नकोस. ते कानातून ढीगभर काहीतरी काढून तळहातावर दाखवतात. ते सगळं तुझ्याच कानातलं असेल याची खात्री मी देणार नाही.

एक मात्र खरं, की कधी कधी गुन्हेगार मळच असतो. सर्दी होती म्हणून सगळं खापर सर्दीवर फुटतं, आणि खरं तर न्हाताना पाणी जाऊन आतला मळ फुगून बसलेला असतो. घरी बसून हे कळत नाही, डॉक्टरांना मिनिटात दिसतं.

नाकाचं सांगतो, कारण खरं काम तिथे आहे. आमची माय म्हणायची, 'नाक शिंकर, फोडू नको.' एक नाकपुडी बोटाने दाबायची, दुसरीतून हलक्या हाताने सोडायचं, मग दुसरी. दोन्ही चिमटीत धरून जोर लावला की शेंबूड बाहेर यायच्या ऐवजी मागच्या मागे नळीच्या तोंडाकडे ढकलला जातो. ती शाळेत गेली नव्हती, पण तिचं हे सांगणं आमच्या डॉक्टरांनी पुढे तसंच्या तसं प्रत्येक पेशंटला सांगितलेलं मी ऐकलं आहे.

दुसरं, मिठाचं पाणी. पेलाभर पाणी, म्हणजे पाव लिटर, चांगलं उकळून कोमट होऊ द्यायचं आणि त्यात चहाचा अर्धा चमचा सपाट मीठ, किंचित कमीच. नळाचं किंवा बोअरचं पाणी तसंच नाकात घ्यायचं नाही, त्यातले जंतू पोटात मरतात, नाकात मरत नाहीत. नेतीच्या तांब्याने किंवा सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने एका नाकपुडीतून सोडायचं, मान वाकडी, तोंड उघडं, श्वास तोंडाने. दुसरीकडून आपोआप येतं. नाक पूर्ण चोंदलेलं असताना करू नकोस, कारण वाट नसली की पाणी कानाकडे जातं. आणि नंतर नाक जोरात शिंकरायचं नाही, पुढे वाकून निथळू द्यायचं. जलनेतीसारख्या योगक्रियांना प्रयोगशाळेत नेणारा माणूस काही काळ आपल्या खान्देशात होता, हे तुला माहीत नसेल. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, त्याआधी अमळनेरच्या राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्य होते. असहकाराच्या काळातलं कॉलेज, ते फार टिकलं नाही. पण योगक्रियांची तपासणी यंत्रं लावून करायची असं म्हणणारा माणूस अमळनेरच्या रस्त्यांवरून चालत होता, हे मला फार आवडतं.

वाफ घ्यायची तर घे, नाक सैल होतं, बाकी काही जादू नाही. पातेलं खाली जमिनीवर स्थिर ठेवून घे, आणि लहान लेकराला पातेल्याजवळ नेऊ नकोस. भाजलेली पोरं मी पाहिली आहेत. कापूर तर पोरांच्या हाताला लागू देऊ नये. लेकराच्या पोटात थोडा जरी गेला तरी झटके येतात.

नाकात घालायचे थेंब मिळतात, ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन वगैरे. पाच मिनिटांत नाक उघडतं, म्हणून माणूस त्यांच्या प्रेमात पडतो. पाच दिवस, त्याच्या पुढे नाही. त्यापुढे नाकाला त्यांची सवय लागते आणि थेंब सोडले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. खिशात ती इवलीशी बाटली घेऊन वर्षानुवर्षं फिरणारी माणसं आमच्याकडे यायची. त्यांची सर्दी कधीच गेली होती, बाटली राहिली होती. सर्दीच्या गोळ्यांतही नाक मोकळं करणारं औषध असतं, त्याने रक्तदाब वाढतो, तेव्हा तुझ्या आईला तुझ्या पाकिटातली गोळी देऊ नकोस. आणि विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिक मागू नकोस.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचा फवारा दिला तर नावाला घाबरू नकोस, तो नाकापुरता असतो. मात्र तो मारायचा कसा हे निम्म्या लोकांना येत नाही. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. फवाऱ्याचं तोंड मधल्या पडदीकडे नाही, बाहेर, त्या बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे. मान थोडी खाली. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, ओढलं की औषध घशात जातं आणि पैसे पोटात. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. धूळ, मळणीचा भुसा, गाजरगवत यांनी ज्यांना वर्षभर शिंका येतात त्यांना तो जास्त कामी येतो. निव्वळ सर्दीनंतरच्या दड्यांवर त्याचा फार भरवसा धरू नये, असंच माझं मत होत गेलं.

आता कान उघडायची युक्ती. सगळ्यात साधी म्हणजे गिळत राहणं. चिंगम चघळ, लिमलेटची गोळी चोख, कोमट पाण्याचे घोट घे, खोटी खोटी जांभई दे. त्याच्या वरची पायरी, घोटभर पाणी तोंडात घ्यायचं, नाक चिमटीत धरायचं आणि गिळायचं. कानात बारीकसं 'टक्' होतं. लंडनच्या टॉयनबी नावाच्या डॉक्टरांचं नाव याला आहे. तिसरी युक्ती सगळ्यांना माहीत असते आणि सगळे ती चुकीची करतात. नाक-तोंड बंद करून हवा कानाकडे ढकलायची. वाल्साल्वा नावाच्या इटालियन डॉक्टरने १७०४ सालच्या आपल्या कानावरच्या पुस्तकात ती दिली आहे. ती करायची तर गाल थोडे फुगतील इतक्याच जोराने, दोन-तीन सेकंद, दिवसातून चार-पाच वेळा. चेहरा लाल होईपर्यंत नाही. नाकातून पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड येतोय, ताप आहे किंवा कान ठणकतोय तोवर ती करूच नये, घाण वर चढते. एकदा 'पट्' झालं आणि तासाभराने कान पुन्हा मिटला तर निराश होऊ नकोस. नळी आधी थोडा वेळ उघडते, मग जास्त वेळ, असंच ते सुटत जातं. रात्री उशाला एक उशी जास्त घे.

केळी बंद करू का, असं तू विचारणार, कारण जळगावकडच्या लोकांचा हा ठरलेला प्रश्न. सर्दी विषाणूने होते, केळ्याने होत नाही, आणि तू खाल्लेलं केळं कानाच्या नळीच्या वाटेलाही जात नाही. शेवभाजी खा, नाकडोळे वाहतील, तेवढा वेळ बरं वाटेल.

इथपर्यंतचं सगळं थांबून, वाट बघून करायचं. पुढचं मात्र वाट बघायचं नाही. कान हळूहळू, सर्दीबरोबर भरत आला तर ते या नळीचं. पण सकाळी उठलास आणि एका कानाने ऐकूच येईना, किंवा बोलता बोलता दोन-तीन दिवसांत ऐकू येणं गेलं, कानात शिट्टी वाजायला लागली, चक्कर आली, तर ते कानाच्या आतल्या नसेचं दुखणं असू शकतं. माणूस 'सर्दीने दडे बसले' म्हणून तेल घालत बसतो आणि मोलाचे दिवस निघून जातात. त्यावर स्टेरॉइडचं औषध आहे, पण ते पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावं लागतं. दोन आठवडे उलटले की त्याची ताकद बरीच संपते. महिना घरी काढून आलेल्या माणसाला डॉक्टर काय सांगणार?

यासाठी घरी करायची एक खूण आमच्या डॉक्टरांनी मला दिली. ते कपाळाच्या मधोमध नादकाटा टेकवून विचारायचे, आवाज कुठल्या कानात येतो? वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाची ती तपासणी. तुझ्याकडे नादकाटा नाही, गळा आहे. तोंड मिटून 'हंऽऽ' असा खालच्या पट्टीत हुंकार दे. बंद वाटणाऱ्या कानात तो जास्त घुमला तर अडथळा पडद्याच्या आसपास आहे, म्हणजे मळ, हवा किंवा पाणी. हुंकार चांगल्या कानात घुमला आणि बंद कान गप्प राहिला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. ही फक्त खूण आहे, निदान नाही. ऐकू येणं अचानक गेलं असेल तर हुंकाराने काहीही सांगितलं तरी जायचंच. कानामागे सूज, कानातून पू किंवा रक्त, जोराचा ताप, तोंड वाकडं होणं, यांतलं काही असेल तर हुंकार वगैरे करत बसू नकोस.

आणि भाच्या, आता जे विचारतो त्याचं उत्तर मला नको, डॉक्टरांना दे. खिशात पुडी असते का? राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे आणि पुड्या कुठे मिळतात हे वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. सुपारीने तोंडाचं अस्तर पांढरट, कडक होत जातं, तोंड उघडायचं कमी होतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. कानाचं कुणाला ठाऊक नसतं. वर सांगितलं ना, नळी उघडतात ते टाळूचे स्नायू. टाळूच कडक झाला तर ते ओढणार काय? पंचविशीतली पोरं कान बंद म्हणून यायची, सर्दीचा पत्ता नाही, आणि डॉक्टर 'आ कर' म्हणाले की तोंडात दोन बोटंही जायची नाहीत. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे आज रात्री आरशासमोर बघ. जात नसतील तर नाकाचा फवारा, चिंगम, वाल्साल्वा सगळं बाजूला ठेव आणि तोंड दाखवायला जा. तसं तर गिळताना दुखणं, मानेला गाठ आणि त्याच बाजूचा कान दुखणं एकत्र असेल तरी आधी घसा तपासतात. घशाचं दुखणं कानात उमटतं.

एकाच बाजूचा कान दीड-दोन महिने बंद असलेल्या मोठ्या माणसाची नाकामागची जागा दुर्बिणीने बघून घ्यावी, हा डॉक्टरांचा कडक नियम होता. बहुतेक वेळा तिथे काही नसतं. क्वचित नळीच्या तोंडाशी गाठ वाढत असते आणि कानातलं पाणी हीच तिची पहिली खबर असते.

तुझ्या लेकीचंही यात येतं. लहान पोरांची नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीत त्यांचा कान पटकन भरतो. पोर सांगत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली की 'काय?' करतं, आणि बाई लिहून पाठवतात, लक्ष देत नाही. सर्दीनंतर तीन महिने असं राहिलं तर कान तपासून घ्यायचा. गरज वाटली तर पडद्यात बारीक नळी बसवतात, ग्रोमेट म्हणतात तिला. आणि धाकट्याला झोपवून बाटलीने दूध पाजू नका, मांडीवर डोकं उचलून पाजा.

दवाखान्यात जायचं कधी, तर तीन आठवडे झाले आणि फरक नाही, तर. तिथे कानात बघतील, कानाच्या तोंडाशी रबरी बोंडी लावून दाब मोजतील, त्याला टिम्पॅनोमेट्री म्हणतात, दुखत नाही. आलेख सपाट आला तर पडद्यामागे पाणी असल्याची शक्यता मोठी. सुट्टीत इकडेच आलास तर आपल्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे, केसपेपर सकाळी लवकर काढायला मी येतो.

येताना कन्नडचा घाट लागेल. चढताना कानाला त्रास कमी होतो, कारण आतली जास्तीची हवा आपोआप बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि नळी मुद्दाम उघडावी लागते. तोरणमाळहून उतरताना, इंदूरकडून बिजासनी घाट उतरून शिरपूरकडे येताना, विमानात तर फारच, हाच प्रकार. कान दुखायला लागल्यावर गोळी शोधू नकोस, घाट सुरू व्हायच्या आधीच तोंडात टाक आणि दर वळणाला गीळ. झोपू नकोस, झोपेत माणूस गिळणं जवळजवळ विसरतो. पोरीलाही उठव, पाण्याची बाटली हातात दे. फारच दाटलं तर गाडी मध्ये थांबवून थोडं वर जाता आलं तर जा आणि पुन्हा सावकाश उतर. विमानाचं तिकीट असतं आणि नाक चोंदलेलं असतं, तर पुढे ढकल म्हणालो असतो. घाटाला तेवढं नाही. चाळीसगावात चहा प्यायला थांब, गरम घोटांनी उरलेलं काम होतं, आणि तिथून फोन कर. उजव्या कानाला लावून कर, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही.